गाडीचा आस आणि आयुष्याची दोरी

सोमवार, रात्री

“आयुष्याची दोरी बळकट, म्हणून वाचला.” मराठीत हे वाक्य इतकं सहज तोंडातून निघतं की आपण काही दावा करतोय हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. ऐकणारा बुद्धिवादी असला तर त्याला मात्र त्यात दाव्याखेरीज काही दिसत नाही. “मग त्याच बसमधल्या बाकीच्यांच्या दोऱ्या कच्च्या होत्या का?” असं तो विचारतो. प्रश्न बिनतोड आहे आणि तरीही तिथे चुकीचा आहे, कारण पहिला माणूस सिद्धांत मांडत नव्हता, सुटकेचा श्वास टाकत होता.

हेच वाक्य दवाखान्याच्या दारात आलं की त्याचं वजन बदलतं. “दोरी बळकट असेल तर वाचेल, गोळ्यांनी काय होतंय?” आता ते विधान आहे, त्यावर पुढची कृती अवलंबून आहे, आणि इथे वाद घालायलाच हवा. शब्द तेच, काम वेगळं. म्हणून श्रद्धा आणि नियती यांवर वादाला बसण्याआधी पहिली तपासणी ही: समोरचा सांत्वन करतोय, जगाबद्दल काही सांगतोय, की काय करायचं ते ठरवतोय? पहिल्याला उत्तर द्यायचं नसतं. दुसऱ्याला पुरावा मागायचा असतो. तिसऱ्यापाशी पुराव्याबरोबर वेळेचंही भान लागतं, साप चावलेला असताना नियतीवर परिसंवाद भरवत नाहीत.

मंगळवार

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला विमानस्थान हा भाग काढून बसलो. वैद्यकाच्या ग्रंथात वाद कसा घालावा यावर आख्खं प्रकरण आहे (आठव्या अध्यायात), याचं नेहमी नवल वाटतं. तिथे चर्चेचे दोन प्रकार सांगितलेत: संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. पहिलीचे नियम आजही जसेच्या तसे चालतील. निःशंकपणे बोलावं, निःशंकपणे विचारावं, हरण्याच्या भीतीने बिचकू नये, समोरच्याला निरुत्तर केलं तर हुरळू नये, आणि चार लोकांत त्याची फुशारकी मारू नये. शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. वाद संपल्यावर अर्ध्या तासात घरच्या ग्रुपवर “आज कसा गप्प केला” येतं आणि पुढच्या दहा चर्चांची माती होते.

पण खरी गंमत तिसऱ्या अध्यायात आहे. साथींनी गावंच्या गावं का ओस पडतात याची चर्चा चालू असताना शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय आधी शब्द पक्के करतात. मागच्या देहात आपणच केलेलं ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार. दोन्ही कर्मच, कधी हे प्रबळ, कधी ते. मग युक्तिवाद: सगळ्यांचं आयुष्य नेमकं ठरलेलं असतं तर मंत्र, औषधी, होम, उपवास यांचा खटाटोप कुणी केला नसता, आणि पिसाळलेल्या जनावरांना, वाऱ्याला, आगीला, पुराला कुणी भ्यालं नसतं.

त्यानंतर गाडीच्या आसाचा, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात त्या दांड्याचा, दाखला येतो. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या वेळी संपतो, तो कालमृत्यू. तोच आस वाटेतच मोडतो: ओझं जास्त झालं, रस्ता खडबडीत होता, गाडी वाट सोडून गेली, चाक मोडलं, बैलाची किंवा हाकणाऱ्याची चूक झाली, चाक अडवणारी खीळ निसटली, वंगण घातलं नव्हतं. तो अकालमृत्यू.

वंगणाचा उल्लेख मला फार आवडतो. लाकडाचा कस आपल्या हातात नव्हता, वंगण होतं.

हा उतारा मात्र दोन्हीकडचे लोक पळवतात. श्रद्धावान म्हणतो, पाहा, आपल्याकडे सगळं आधीच होतं. बुद्धिवादी म्हणतो, पाहा, चरक नियतीवादाच्या विरोधात होता. दोघेही अर्धाच उतारा वाचतात. आत्रेय पूर्वजन्म मानून बोलतात आणि त्यांच्या यादीत मंत्र आणि औषध शेजारीशेजारी बसलेत. जुन्या ग्रंथाला साक्षीला बोलवायचं असेल तर त्याची उलटतपासणीही होऊ द्यावी लागते.

बुधवार

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, तीन शब्द आहेत: वाद, जल्प, वितंडा. वादात दोन्ही बाजू प्रमाण आणि तर्क यांनी आपापला पक्ष मांडतात, हेतू सत्य शोधण्याचा असतो. जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, फक्त समोरच्याचा पाडायचा. मराठीत “वितंडवाद” हा एकच जोडशब्द उरला आणि मधला जल्प बोलीतून गळाला. वाईट झालं, कारण आपण घालतो त्यातले बहुतेक वाद जल्पच असतात.

शब्दच्छलाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण “नवकंबल”. याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवं कांबळं आहे. छल करणारा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय. आपल्या वादातलं नवकांबळं म्हणजे “श्रद्धा” हा शब्द. “तुम्हीही विमानात बसता ना, मग वैमानिकावर श्रद्धा ठेवताच की!” इथे श्रद्धा म्हणजे नोंदी, परवाने, तपासण्या यांवरून आलेला भरवसा. देवावरची श्रद्धा त्या अर्थाने कुणी ठेवत नाही, आणि ठेवत असेल तर तिचीही तशीच तपासणी व्हावी लागेल, जे श्रद्धावानालाच आवडणार नाही.

उलट बाजूची चूक “अंधश्रद्धा” या शब्दात आहे. “ही अंधश्रद्धा आहे म्हणून खोटी आहे” यात जे सिद्ध करायचं तेच हेतू, म्हणजे कारण, म्हणून वापरलं, न्यायवाले याला साध्यसम म्हणतात. निकाल आधी, खटला नंतर. चर्चा खरोखर हवी असेल तर पहिला अर्धा तास हा शब्द बाजूला ठेवून “ही समजूत” म्हणावं. अवघड जातं, पण जमतं.

नवसाच्या बाबतीत दोष वेगळा. “नवस केला म्हणून पास झाला” यातला हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे तो दोन्ही घरी जेवतो: नवस करून नापास झालेलेही असतात. हे तोंडी सांगितलं की टोमणा वाटतो. कागदावर चार चौकोन आखावेत: नवस केला आणि पास, नवस केला आणि नापास, केला नाही आणि पास, केला नाही आणि नापास. मग समोरच्याला विचारावं, यातल्या कोणत्या चौकोनातली माणसं आपल्याला माहीत आहेत? तो स्वतःच म्हणतो, पहिल्याच. नवस करून नापास झालेला पेढे वाटत नाही, त्यामुळे तो चौकोन कुणाच्या कानावरच येत नाही. चौकोन आखून झाले की गप्प बसावं. “बघा!” म्हणू नये.

गुरुवार, उशिरा

इच्छास्वातंत्र्यावर बोलताना आजकाल लिबेटचा प्रयोग येतोच, आणि दहापैकी नऊ वेळा चुकीचा येतो. म्हणून नीट टिपून ठेवतो.

बेंजामिन लिबेट, मेंदूचा अभ्यासक, 1983. माणसासमोर घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर 2.56 सेकंदांत एक फेरी मारणारा प्रकाशाचा ठिपका. मनात येईल तेव्हा मनगट किंवा बोट हलवायचं, आणि “आता हलवावं” असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं. डोक्यावर मेंदूचा विद्युत-आलेख काढणाऱ्या पट्ट्या. हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी आलेख चढू लागतो, आणि इच्छा झाल्याचं माणूस सांगतो ते सुमारे 200 मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदूची तयारी इच्छेच्या जाणिवेआधी सुरू. यावरून “निर्णय मेंदूने आधीच घेतला, तुम्ही नुसते प्रेक्षक” असं म्हटलं जातं.

अडचण कुठे आहे? एका हालचालीच्या आलेखात हा चढ स्पष्ट दिसतच नाही. चाळीसेक वेळा हालचाल करवून, सगळे आलेख हालचालीच्या क्षणाशी जुळवून, सरासरी काढावी लागते. 2012 मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतली यादृच्छिक, म्हणजे कशीही होणारी, चढउतार जेव्हा एका उंबरठ्याला टेकते तेव्हा हालचाल होते असं मानलं, आणि मग मागे जाऊन सरासरी काढली, तर असाच सावकाश चढ आपोआप मिळतो. मग तो चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय, असं ठामपणे म्हणता येत नाही. 2008 चा दुसरा प्रयोग, ज्यात डावं बटण दाबणार की उजवं हे काही सेकंद आधी ओळखता आलं असं सांगतात, त्यातली अचूकता 60 टक्क्यांच्या आसपास होती. नाणं फेकून 50 मिळतात. साठ म्हणजे काहीतरी आहे, पण ब्रह्मलिखित नक्कीच नाही.

शिवाय कारण नसताना बोट हलवणं आणि नोकरी सोडावी की नाही यावर तीन महिने झोप न लागणं, यांत फरक आहे.

श्रद्धावानानेही फार खूश होऊ नये. लिबेट स्वतः म्हणत होता की शेवटच्या शेदीडशे मिलिसेकंदांत माणूस कृती रोखू शकतो, आणि यावरून “बघा, आत्मा सिद्ध झाला” असं कुणी म्हणालं तर तेही तितकंच लांबचं उड्डाण. क्वांटम भौतिकशास्त्राचंही तसंच. अणूच्या पातळीवर अनिश्चितता असली तर फार तर फासे पडतात. पडलेल्या फाशाला कुणी स्वतंत्र म्हणत नाही.

मुळात “स्वातंत्र्य” म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं. कशाचाही परिणाम नसलेली निवड? की कुणाची जबरदस्ती नसणं? की कारणं समजून घेऊन स्वतःचं वागणं बदलता येणं? पहिल्या अर्थाने नाही म्हणणारा आणि तिसऱ्या अर्थाने आहे म्हणणारा रात्रभर भांडू शकतात, मतभेद नसताना.

गीतेचा अठरावा अध्याय या बाबतीत मजेशीर आहे. 61 व्या श्लोकात ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो. 63 व्यात, म्हणजे मधला एकच श्लोक सोडून, “यथेच्छसि तथा कुरु”, तुला हवं तसं कर. आणि त्याच अध्यायात आधी कर्माची पाच कारणं मोजलीत, त्यात दैव पाचवं. पाचवं, एकमेव नव्हे. तुकोबांचंही तसंच. “ठेविले अनंते तैसेचि रहावे” म्हणणाराही तोच आणि “असाध्य ते साध्य करिता सायास” म्हणणाराही तोच. एकच ओळ फेकणाऱ्याला दुसरी हळूच आठवून द्यावी. खोडून काढायला म्हणून नव्हे, त्याच्याच घरात दोन खोल्या आहेत हे दाखवायला.

शुक्रवार

2008 मध्ये पुण्यात झालेली फलज्योतिषाची चाचणी अशा वादाचा नमुना म्हणून वापरण्यासारखी आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40, आणि काम एकच: कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगा. नाणेफेकीने 20 बरोबर यावीत, यशासाठी 28 हवीत, हे आधीच ठरलेलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. एका संस्थेने सगळ्या 200 पाहिल्या, 102 बरोबर आल्या.

यात आदर कुठे आहे? निकष आधी जाहीर करण्यात. काय झालं तर मी हरलो मानेन, हे निकालाआधी लिहून ठेवणं. ते नसेल तर हरलेला म्हणतो जन्मवेळ चुकली होती, जिंकलेला म्हणतो मी म्हणालोच होतो. आणि चाचणीने काय सिद्ध झालं नाही तेही तितकंच स्वच्छ सांगायला हवं: नियती नाही, असं यातून निघत नाही. कुंडलीवरून हा एक भेद ओळखता आला नाही, एवढंच निघतं. दावा जेवढा, खंडन तेवढंच.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही न वाचताच त्यावर वाद होतात. त्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना सरळ वगळलंय, इतकंच नव्हे तर नंदीबैलवाल्या ज्योतिषांचा आणि जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या पाणाड्यांचा सल्लाही वगळलाय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं मात्र गुन्हा. रेषा मानण्यावर ओढलेली नाही, अडवण्यावर ओढली आहे. घरातल्या वादातही हीच रेषा कामाला येते.

रविवार, दुपारी

दोघांच्या बैठकीसाठी लागणारं सामान: एक कागद, दोन पेनं, दीड तास, चहा मध्यावर. सुरुवातीला नको, कारण तेव्हा गप्पा लागतात.

कागदाच्या डोक्यावर एकच प्रश्न, एका ओळीत. “देव आहे का” हा एका बैठकीचा प्रश्न नव्हे. “प्रार्थनेने आजार बरा होतो का” हा आहे, “सगळं ठरलेलं असेल तर शिक्षा देणं योग्य आहे का” हाही आहे. त्याखाली प्रत्येकाने दुसऱ्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, लिहायचा, पाच वाक्यांत, टोमणा न मारता. ज्याचा पक्ष आहे तो वाचून “हो, मला हेच म्हणायचंय” म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. बहुतेकदा दोनतीन खेपा लागतात, तेवढ्यात अर्धा तास जातो, आणि कधीकधी भांडणच शिल्लक राहत नाही.

मग प्रत्येकी एक ओळ: “कशाने माझं मत बदलेल?” इथे कुणी “कशानेच नाही” लिहिलं तर त्याला ढोंगी म्हणू नये. त्याने प्रामाणिकपणे सांगितलंय की हा त्याच्यासाठी पुराव्याचा विषय नाही. मग त्या दिवशी पुरावे बंद, आणि त्या श्रद्धेने तो कसा जगतो एवढंच विचारावं.

बैठक मोडते कुठे? आवाज चढल्यावर नव्हे, त्याच्या आधी. “तुम्ही लोक” हा शब्द आला की. तिसरा माणूस ऐकायला येऊन बसला की, कारण मग दोघेही त्याच्याशी बोलू लागतात. फोनवर आलेला मजकूर पुरावा म्हणून पुढे आला की. घरात नुकतं कुणी गेलेलं असेल तर बैठक घेऊच नये, तेरावा होऊन चार महिने झाले तरी आधी विचारावं.

वयाने मोठ्यांशी बोलताना उलटा प्रश्न टाळावा. “मग भोपाळच्या वायुदुर्घटनेत देव कुठे होता?” असं आजोबांना विचारलं की उत्तर येत नाही, उठून जाणं येतं. “आजोबा, अशा वेळी तुम्ही मनाची समजूत कशी घालता?” असं विचारलं तर बोलतात, आणि बरेचदा आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना जास्त शंका असतात.

कागद टाकून देऊ नये. पुढच्या बैठकीला तोच पुढे ठेवावा, वरचा प्रश्न खोडून खाली नवा लिहावा. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणून एकच रेघ.