शंका घ्या, पण गळती आधी शोधा

हवामानबदलावर शंका घेणाऱ्याशी वाद घालताना बहुतेकांची एक गफलत होते. समोरचा विचारतो एक आणि आपण उत्तर देतो भलत्याच प्रश्नाचं. 'हे माणसामुळेच होतंय कशावरून?' हा मोजमापाचा प्रश्न आहे. त्यावर 'पुढच्या पिढीला काय तोंड दाखवणार?' असं विचारून काही साधत नाही, समोरचा फक्त आणखी चिडतो.

सगळ्याच शंका टाकाऊ नसतात. 'तापमापकं पूर्वी मोकळ्या माळावर होती, आता त्यांच्याभोवती काँक्रीट उभं राहिलंय, मग आकडा वाढणारच' ही शंका अगदी रास्त. शहरं आसपासच्या परिसरापेक्षा तापतातच. रिचर्ड म्युलर हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हीच शंका घेऊन कामाला लागले. त्यांच्या गटाने जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि 2012 मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शिवाय समुद्रात कुठलं आलंय काँक्रीट? तिथे सुमारे 4000 आर्गो तरंगयंत्रं 2000 मीटर खोलपर्यंत बुडी मारून तापमान मोजत असतात. साठत चाललेली उष्णता त्यांच्याही नोंदींत दिसते.

'सूर्यच जास्त तापत असेल' हेही नेहमीचंच. सूर्याचं तेज 1978 पासून उपग्रहांवरून मोजलं जातंय. 11 वर्षांच्या चक्रात ते साधारण 0.1 टक्क्याने कमीजास्त होतं, पण गेल्या काही दशकांत त्याचा कल वर गेलेला नाही. आणि सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडकते आहे, याची यापेक्षा स्वच्छ खूण शोधून सापडायची नाही.

हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी सुमारे 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता, 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास, आणि आता 420 च्या वर आहे. तो आपलाच कशावरून? कोळसा आणि तेल इतकी जुनी की त्यांतला कार्बन-14 (कार्बनचा काळाबरोबर विरत जाणारा किरणोत्सर्गी प्रकार) केव्हाच संपलेला असतो. ती जाळली की हवेतला कार्बन-14 पातळ होतो, आणि ते मोजता येतं. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी. राहिला 'हवेतल्या 0.04 टक्के कार्बन डायऑक्साइडने काय होतंय' हा मुद्दा, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून निघणारी उष्णता अडवतच नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी हे 1859 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. मग तुलना उष्णता अडवणाऱ्या वायूंशी करायची की सगळ्या हवेशी?

'आज एवढी थंडी आहे, कुठाय तापमानवाढ?' याला मात्र मी शंका म्हणत नाही. हवामानाची सरासरी 30 वर्षांची धरतात, एका सकाळची नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. इथे पर्यावरणवाल्यांचीही चूक असते. प्लास्टिक, ओझोन, नदी आणि तापमानवाढ असं सगळं एकाच पोत्यात कोंबलं जातं. गटारातलं प्लास्टिक काढलं तर गटार तुंबत नाही. एवढं कारण त्या कामाला पुरेसं आहे. हवामानावर त्याचा परिणाम नगण्य. तसं सरळ सांगावं, उगाच फुगवू नये.

याउलट ज्याचा हिशेब मोठा आहे, त्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे एसीमधला गॅस.

आर-410ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2088 पट उष्णता अडवतो आणि आर-32 सुमारे 675 पट. घरगुती स्प्लिट एसीत साधारण किलोभर गॅस असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-410ए चा एक किलो हवेत गेला, तर ते 900 लिटर पेट्रोल जाळण्यासारखं झालं. 'माझ्या एकट्याने काय फरक पडतो?' हा प्रश्न या आकड्यापुढे विचारून बघा.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. ती बंद नळी आहे. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता 'गॅस भरून दिला' म्हणजे तोही हवेतच जाणार. गारवा कमी झाला की आधी फिल्टर धुवा, कारण जाळी तुंबली तरी कॉइलवर बर्फ धरतो. तरी फरक पडला नाही, तर बाहेरच्या युनिटपाशी दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात तिथे टॉर्च मारून बघा. नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला, तर बहुधा गळती तिथेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं आणि गळतीच्या जागी ते पाझरतं.

मेकॅनिककडून कामं क्रमाने करून घ्यावीत. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणं. कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावणं. जोड कापून नवा फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट तोंड, काढणं (नुसता नट आवळला तर तांबं चिरतं आणि महिन्याभरात तेच रडगाणं). मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल उपसणं, 500 मायक्रॉनपर्यंत (हे आत उरलेल्या दाबाचं माप). पंप बंद केल्यावर काटा भराभर चढला, तर गळती अजून आहे किंवा आत ओल आहे. शेवटी युनिटवरच्या पाटीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून गॅस भरणं. अनेक जण पंप आणायचा कंटाळा करतात आणि गॅसच थोडा सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात. त्यात गॅसही वाया जातो आणि ओल आतच राहून पुढे कॉम्प्रेसर खाते. आर-32 तर थोडा ज्वलनशीलही आहे.

जागा बदलताना एसी काढायचा असेल तर 'पंप डाउन' करायला सांगा. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडतात. सगळा गॅस बाहेरच्या युनिटात कोंडला जातो. हे गेज लावूनच करायचं. अंदाजाने जास्त वेळ चालू ठेवलं आणि कुठून हवा आत ओढली गेली, तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. भंगारात देतानाही हाच नियम. करवतीने नळी कापली की एक फुस्स आवाज येतो, तो आवाज म्हणजेच ते 900 लिटर.

दुसरं काम ओल्या कचऱ्याचं. कचरा डेपोच्या ढिगात हवा पोचत नाही, तिथे ओलं कुजून मिथेन होतो. मिथेन हवेत बाराएक वर्षंच टिकतो, पण 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट भारी पडतो. घरी खत करणं त्यावरचा उपाय खरा, पण खताच्या डब्यातही हवा कोंडली तर मिथेनच होणार. एक भाग ओलं आणि आकारमानाने दोन भाग सुका पाला, असं थरावर थर घाला. मूठभर घेऊन दाबलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. अमोनियाचा उग्र वास आला तर नत्र जास्त झालंय, पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. तेव्हा नुसता पाला वर टाकून भागत नाही, डबा पूर्ण उलथून तळातलं वर आणावं लागतं आणि तळाची भोकं बुजली असतील तर तीही मोकळी करावी लागतात. डबा गरम होत नाही म्हणून घाबरू नका. 55 अंशांपर्यंत तापायला साधारण घनमीटरभर ढीग लागतो. लहान डब्यातलं खत गारच राहतं, फक्त सावकाश होतं.

पाला हाताशी लागतोच, तेव्हा तो जाळणारा शेजारी असेल तर भांडू नका. पोती द्या आणि मागून घ्या. सुका पाला वर्षभर पुरेल इतका साठवायचा तर पोती पावसापासून आडोशाला ठेवा, नाहीतर डब्यात जायच्या आधीच तो पोत्यात कुजायला लागतो.