रिमोट टाकून देण्याआधी

आज दिवसभर टेबलावर दुरुस्तीला आलेले टीव्हीचे रिमोटच रिमोट. ऐरोली-वाशीच्या दमट हवेत पावसाळ्यात हे ठरलेलंच.

आधी मोबाईलचा कॅमेरा लावा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. मोबाईलच्या स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकला तर सिग्नल जातोय. मग टीव्हीचा सेन्सर बघा. आयफोनवाल्यांनो, पुढचा कॅमेरा वापरा, मागच्यात बहुधा दिसत नाही. ब्लूटूथ रिमोटला ही परीक्षा लागू नाही.

उजेडच नाही? सेल मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) लावा. १.२ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, दोन्ही एकदम. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरट थर आला असेल तर इअरबडवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा, मग नीट वाळवा. सेल नुसते फिरवून बसवणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी.

मोजकीच बटणं अडत असतील तर रिमोट खोला. रबरी पॅडखाली चिकट, तेलकट थर दिसेल. सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडवरचे काळे कार्बनचे ठिपके मात्र अगदी हलक्या हाताने. खरवडले की बटण गेलंच.

पडल्यावर बंद झालाय? रेझोनेटरचा (सर्किटला ठेका देणाऱ्या छोट्या भागाचा) पाय सुटलाय का बघा. बऱ्याचदा सोल्डरच्या एका टाक्यात काम होतं.