जीवामृत सोडलं, पण जिवाणूंना खायला काय ठेवलंय?

नैसर्गिक शेतीचा विषय निघाला की गाडी लगेच जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या आंबवलेल्या द्रावणाच्या, ड्रमवर येते. जीवामृत किती दिवसांनी सोडायचं, गूळ काळाच पाहिजे का, पीठ कुठल्या डाळीचं, ढवळायचं कुठल्या दिशेने... जमिनीवर आच्छादन, म्हणजे काडीकचऱ्याचं पांघरूण, किती आहे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी गोची तिथेच आहे.

फॉर्म्युला बहुतेकांना पाठ असतो. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचं पीठ, मूठभर माती, आणि हे सगळं एका एकराला. आता साधा हिशोब करा, 2 किलो गूळ एकरभर पसरला तर एका चौरस मीटरच्या वाट्याला अर्धा ग्रॅमसुद्धा धड येत नाही. म्हणजे हे खत नाहीच, विरजण आहे, आणि दूधच नसेल तर दही लागणार कशाचं? दूध म्हणजे काडीकचरा, पालापाचोळा, पेंढा, जमिनीत राहिलेली मुळं. (दिशेचं म्हणाल तर मला त्यात काही तथ्य वाटत नाही, ढवळल्याने आत हवा जाते हे महत्त्वाचं, हात कुठूनही फिरवा.)

त्या यादीत सगळ्यात कमी भाव मूठभर मातीला मिळतो, खरं तर स्थानिक जिवाणू येतात ते तिच्यातूनच. बांधावरची किंवा जुन्या झाडाखालची घ्यायची, जिथे नांगर नाही, फवारणी नाही. तिथले जिवाणू आणि बुरशा तिथलंच ऊन, तिथलाच पाऊस, तिथलाच सामू (pH) सोसून टिकलेल्या असतात. बाटलीतलं विकतचं जिवाणूंचं कल्चर वाईटच असतं असं नाही, द्विदल पिकाच्या बियाण्याला योग्य रायझोबियम (मुळांवरच्या गाठीत राहून हवेतला नत्र देणारे जिवाणू) लावलं तर फायदा होतो, विशेषतः ते पीक त्या जमिनीत आधी घेतलेलं नसेल तर. पण बाहेरून आणलेले बरेच जिवाणू आधीपासून तिथे असलेल्यांपुढे फार टिकत नाहीत.

कोरियातल्या नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक चो हान-क्यू यांच्या पद्धतीत तर हे स्थानिक जिवाणू आणि बुरशा चक्क सापळा लावून पकडतात. जरा कोरडाच शिजवलेला भात लाकडी खोक्यात भरायचा, पण गच्च नाही, वर हवेला जागा ठेवायची, कागदाने तोंड बांधायचं आणि झाडाखालच्या कुजलेल्या पाल्यात ठेवून द्यायचं, पाऊस आणि उंदीर लागणार नाहीत असं. थंडी-उष्णतेप्रमाणे चार ते सात दिवसात भातावर पांढरी मऊ बुरशी येते. काळी-हिरवी जास्त दिसली किंवा चिकट घाण वास आला तर सरळ फेकून द्या, हळहळू नका. चांगली आली तर भाताच्या वजनाएवढा गूळ घालून कालवायचं, इतक्या साखरेत पाणी ओढलं जातं आणि जिवाणू जवळजवळ झोपी जातात, म्हणून ते टिकतं. पुढे त्यातलं थोडंसं भरपूर पाण्यात मिसळून भाताच्या कोंड्यात कालवून ढीग लावायचा, ढीग 50 अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, तापला की उलथायचा, आणि शेवटी त्यात शेतातली माती मिसळायची. कुटाणा आहे खरा, पण यात बुरशी मिळते, जी जीवामृतात कमी असते, तिथे जास्त जोर जिवाणूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा.

बुरशी कशाला हवी? बहुतेक पिकांच्या मुळांशी मायकोरायझा नावाच्या बुरशीचं साटंलोटं असतं, पीक तिला साखर देतं आणि ती लांबून स्फुरद (फॉस्फरस), पाणी आणून देते. मातीचे कण धरून ठेवायलाही तिचे धागे लागतात. आणि आपण काय करतो, रोटाव्हेटर मारून हे धागे तोडतो, वर जमीन उघडी टाकतो, मग उन्हात तापलेल्या त्या मातीवर महागामोलाचं द्रावण ओततो!

म्हणून आधी आच्छादन, मग ड्रम. सुकं काड मात्र मातीत गाडू नका, वरच अंथरा. त्यात कार्बन फार आणि नत्र (नायट्रोजन) कमी, गाडलं की ते कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि पीक काही काळ पिवळं पडतं. आणि दोन पिकांच्या मधे जमीन रिकामी ठेवू नका, ताग-धैंचासारखं हिरवळीचं काहीही चालेल, कारण जिवंत मुळं सतत साखर पाझरत असतात आणि मुळांभोवतीच्या जिवाणूंचं पोट त्यावरच चालतं.

फरक पडतोय का हे बघायला लॅब लागत नाही. शेतातलं एक ढेकूळ आणि बांधावरचं एक ढेकूळ, दोन्ही पूर्ण वाळवा आणि काचेच्या दोन ग्लासात पाणी घेऊन जाळीवर ठेवून अलगद बुडवा. लगेच विरघळून पाणी गढूळ करणारं कुठलं आणि तसंच धरून राहणारं कुठलं ते डोळ्याला दिसतं. फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच जागेचं ढेकूळ घ्या, नाहीतर तुलना चुकते.