चार भागिले आठ: व्हिममधल्या घड्यांचा माझा अनुभव

अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या लॉगचा, म्हणजे नोंदींचा, हिशोब लावणारी पायथन भाषेतली स्क्रिप्ट मी सांभाळतो. आधीच्या माणसाकडून वारशात आलेली, अठराशे ओळींची. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, सर्व्हरमध्ये शिरायचं आणि व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्येच काम उरकायचं. खाली-वर करून करून बोटं दुखायला लागली, तेव्हा ठरवलं की फंक्शन्सच्या घड्या (फोल्ड) आपोआप पडल्या पाहिजेत, म्हणजे आतल्या ओळी मिटून एकाच ओळीत दिसतील. व्हिममध्ये ही सोय २००१ च्या ६.० आवृत्तीपासून आहे. मीच उशिरा जागा झालो.

शनिवारी इंदिरानगरला घरी बसून नवी कोरी व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल, उघडली आणि घड्या कशावरून पाडायच्या ते लिहिलं, सेट फोल्डमेथड=सिंटॅक्स. ढिम्म. मग सिंटॅक्सच्या जागी इंडेंट करून पाहिलं, म्हणजे ओळ किती आत सरकलेली आहे त्यावरून घडी, तर अर्धंच काम झालं. क्लासमधल्या मेथड्स (आतली फंक्शन्स) नीट मिटल्या, पण बाहेरची सुटी फंक्शन्स सताड उघडी. त्यांच्यावर घडी उघडणारं-मिटणारं झेड-ए दाबलं की खाली लाल पट्टीत ई४९०, नो फोल्ड फाउंड.

मला वाटलं, टॅब आणि स्पेसची भेसळ असणार. टॅब दिसावेत म्हणून सेट लिस्ट करून तासभर ओळी चाळल्या. सगळं स्वच्छ, चार-चार स्पेस. मधेच आईने विचारलं, "कसल्या घड्या घालतोयस रे एवढ्या?" तिला येवल्याच्या पैठणीच्या घड्याच माहीत, जर मोडू नये म्हणून त्या अधूनमधून बदलायच्या असतात.

चुकून एक ओळ उजवीकडे सरकवली तेव्हा उलगडा झाला. ती चार नव्हे, आठ घरं सरकली. शिफ्टविड्थ, म्हणजे एका वेळी ओळ किती घरं सरकवायची तो आकडा, विचारली, उत्तर ८. इंडेंट पद्धतीत घडीची पातळी म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी घरं भागिले शिफ्टविड्थ, बाकी सोडून द्यायची. मेथड्सच्या आतल्या ओळी आठ घरं आत, आठ भागिले आठ एक, म्हणून मेथड्स मिटत होत्या. बाहेरच्या फंक्शन्समधल्या चारच घरं आत, चार भागिले आठ शून्य, म्हणून त्यांना घडीच नाही!

पण हा आठ आला कुठून? व्हिम ८ पासून स्वतःची व्हिमआरसी नसेल तरच डीफॉल्ट्स डॉट व्हिम ही व्हिमसोबतच येणारी सेटिंगची फाइल लोड होते, आणि पायथनसाठी शिफ्टविड्थ ४ करणारं फाइलटाइप प्लगिन (फाइलच्या प्रकारानुसार सेटिंग लावणारा भाग) तीच चालू करते. मी फाइल बनवली आणि ते बंद पाडलं. म्हणजे बिघाड माझ्याच हातचा. व्हिमआरसीत फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन ही ओळ घातली, काम झालं.

फार आत-आत घड्या पडू नयेत म्हणून फोल्डनेस्टमॅक्स, म्हणजे घडीत घडीची कमाल पातळी, २ ठेवलं. सुट्या फंक्शन्समधले इफ अजून वेगळे मिटतात. ते मी चालवून घेतो.

सोमवारी फाइल उघडली. नुसती डेफच्या, म्हणजे फंक्शनची सुरुवात करणाऱ्या, ओळींची रांग दिसत होती, आणि त्यात एकाच नावाची दोन फंक्शन्स. पायथन खालचंच धरतो. मी दोन महिने वरच्यात दुरुस्त्या करत होतो.