पौषातल्या मांडावर

फोंड्याहून निघताना आईने पिशवीत नारळ, तेलाची बाटली आणि अबोलीचा वळेसर घातला. "मांडावर जातेस, रिकाम्या हाताने जाऊ नकोस," एवढंच म्हणाली. मडगाव मागे पडलं, करमल घाटातली झाडी लागली आणि काणकोणच्या चावडीवर पोचेस्तोवर ऊन कललं होतं. तिथून पुढे गावडोंगरीच्या बाजूला मैत्रिणीचं माहेर. वेळीप समाजाचा लहानसा वाडा, मागे डोंगर.

मी धालोसाठी, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यासाठी, आले होते. गावडा, कुणबी आणि वेळीप हे गोव्याचे आदिम रहिवासी मानले जातात. अनुसूचित जमातीचा दर्जा त्यांना मिळाला तो मात्र २००३ मध्ये. पौषातल्या चांदण्या रात्री या समाजांतल्या बायका मांडावर धालो खेळतात. मांड म्हणजे सारवलेलं अंगण खरं, पण ती देवाची जागा. आम्ही चपला बरंच अलीकडे काढल्या. समई पेटली, नारळ ठेवला, धरित्रीला आणि वनदेवतेला हात जोडले गेले. पुरुष मांडाबाहेरच थांबले.

मग समोरासमोर दोन रांगा झाल्या. एकमेकींच्या कमरेला विळखा घालून बायका वाकत पुढे आल्या, तशाच मागे गेल्या. वाद्य नाही. पावलांचा आणि काकणांचाच काय तो आवाज. मी सवयीने मोबाइल काढला, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "मोबायल पिशवेंत दवर गो बाय," आणि मला हाताला धरून रांगेतच ओढलं.

त्या रांगेत मला जे कळलं ते बाहेर बसून कधीच कळलं नसतं. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती झेलते. नवं कडवं जाणत्या बाया काढतात. तरुण मुली आधी नुसता ओळीचा शेवट पकडतात, चौथ्या-पाचव्या फेरीला अख्खी ओळ त्यांच्या तोंडी बसते. वेगळी शिकवणी लागतच नाही. समोरची रांग हीच शाळा. अर्ध्या तासात मीही दोन ओळी म्हणत होते.

म्हणूनच मागे एका शहरातल्या महोत्सवात पाहिलेला धालो आठवून जीव तुटला. आठ मिनिटांचा कार्यक्रम, गाणं ध्वनिमुद्रित आणि दोन्ही रांगांची तोंडं प्रेक्षकांकडे. समोर ओळ झेलायलाच कुणी नव्हतं! लुगडी नवीकोरी होती, पावलंही चुकली नाहीत. पण तो धालो कुणाला काही देत नव्हता. रंगमंच नकोच, असं माझं म्हणणं नाही. रांगा समोरासमोर ठेवा आणि बायकांना स्वतः गाऊ द्या, एवढंच मागणं आहे.

बदलाला ही माणसं भीत नाहीत. सकाळी ओसरीवर मैत्रिणीच्या काकांनी घुमट हे वाद्य दाखवलं. कुंभाराने घडवलेलं मडकंच ते, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं, धाकटं उघडं. एका हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताने धाकटं तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं चढवतात. "आवाज वेगळो, हात तोच," काका म्हणाले. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं राज्य वारसा वाद्य झालं. आनंदच आहे. पण घुमट कुंभाराच्या चाकावर पुन्हा घडवता येतं, गाण्याचं तसं नाही.

हे मला कळलं ते निघायच्या वेळी. आजी अंगण झाडत गुणगुणत होत्या. एक ओळ म्हणायच्या, झाडू थांबवून तेवढाच वेळ गप्प राहायच्या, मग पुढची ओळ. हे रात्री का नाही म्हटलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "जाप दिवपी ना गो." समोरच्या रांगेतून या गाण्याला जाप, म्हणजे उत्तराची ओळ, देणारी त्यांची जोडीदारीण गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या ओळी आजींनी जन्मभर ऐकल्या होत्या, पण स्वतःच्या तोंडून कधी म्हटल्या नव्हत्या. आता आठवू गेलं की अर्ध्यावर तुटतात.

मी ओसरीवर बसून आजींच्या ओळी वहीत उतरवल्या आणि प्रत्येक ओळीखाली एक ओळ कोरी सोडली. येत्या पौषात शेजारच्या वाड्यांच्या मांडांवर ती वही घेऊन जाणार आहे. आजीही येते म्हणाल्या.