माउंटच्या खाली दडलेलं फोल्डर

"सर, सर्व्हर भरला."

सकाळचे साडेदहा वाजले होते. फोनवर एका एडिटिंग स्टुडिओतल्या बाई होत्या. आदल्याच दिवशी मी त्यांच्याकडे मीडिया सर्व्हर, म्हणजे व्हिडिओ साठवायचं सामाईक लिनक्स मशीन, बसवून आलो होतो. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ पद्धतीने एकत्र जोडलेल्या, म्हणजे एक बिघडली तरी डेटा राहतो. एका डिस्कइतकी जागा त्यासाठीच्या पॅरिटीत गेली तरी १२ टीबी उरतात. (विंडोजवर ते १०.९ दिसतात, कारण ते १०२४ च्या हिशेबाने मोजतं. हे समजावताना दर वेळी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर 'बाकीचे कुठे गेले?' असा संशय असतो.) गिगाबिट लाइनवर सेकंदाला फार तर ११० एमबी जातात. म्हणजे १२ टीबी भरायला तीसेक तास हवेत. इथे तर दुकान उघडून तास झाला होता.

"किती कॉपी केलंत?"

"पहिलं कार्ड ६४ जीबीचं, ते पूर्ण गेलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं."

दूरूनच लॉगिन केलं. सिस्टिमची १२० जीबीची एसएसडी काठोकाठ भरलेली, आणि त्या चार डिस्कचा गट, म्हणजे अ‍ॅरे, माउंटच झालेला नाही, म्हणजे त्याच्या फोल्डरला जोडलाच गेलेला नाही. लॉगिन होत होतं हेही नशीब. लिनक्सची एक्स्ट-फोर फाइलसिस्टिम मुळातच पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते, म्हणून मला आत शिरता आलं.

चूक माझीच होती. अ‍ॅरे बनवला तेव्हा त्याचं नाव एमडी-शून्य होतं. कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची याची यादी असते त्या एफएसटॅब फाइलीत मी तेच नाव लिहिलं, वर 'नोफेल'ही जोडलं, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन अडून न बसता चालू व्हावं. अ‍ॅरेची नोंद कॉन्फिगरेशन फाइलीत केली, पण इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी चालणारी छोटी सिस्टिम, तिच्यात या नोंदीची प्रत असते) नव्याने बनवायचं राहिलं. स्टुडिओवाले रात्री सगळी मशीनं बंद करून जातात. सकाळी बटण दाबल्यावर अ‍ॅरे उठला तो एमडी-१२७ या नावाने. लिनक्सवर रेड लावणाऱ्यांना हा आकडा चांगलाच ओळखीचा आहे. एफएसटॅबला एमडी-शून्य सापडलं नाही, नोफेलमुळे कुणी हूं की चूं केलं नाही, आणि नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा सांबा प्रोग्रॅम मात्र रिकामं माउंट-फोल्डर इमानेइतबारे शेअर करत बसला. माझ्या टेस्ट फाइली दिसेनात, तेव्हा त्या बाईंना वाटलं, सरांनी साफसफाई करून दिली.

मी घाईघाईने अ‍ॅरे माउंट केला. १०.९ टीबी मोकळे दिसले. "बघा आता," म्हटलं.

पलीकडे शांतता. मग, "अहो सर, सकाळचं फोल्डर कुठे गेलं? ते कार्ड मी कॅमेऱ्यात फॉरमॅट केलंय."

पोटात गोळा आला. दोन क्षण खरंच काही सुचेना. मग ध्यानात आलं, माउंट काही पुसत नाही, फक्त झाकतं. टेबलावरच्या कागदांवर चादर टाकावी तसं. चादर काढायला गेलो तर सिस्टिम म्हणाली, शेअर वापरात आहे. तेव्हा दुसरी वाट धरली: एसएसडीचं सगळ्यात वरचं फोल्डर बाइंड माउंट करून, म्हणजे तेच फोल्डर आणखी एका ठिकाणी जोडून, उघडलं. तिथे अ‍ॅरे आड येत नाही. आणि होतं की फोल्डर जसंच्या तसं, दुसऱ्या कार्डाच्या अर्ध्या फाइलींसकट.

"सापडलं. पण कार्डाला हात लावू नका."

आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने सगळं अ‍ॅरेवर नेलं, चेकसम (फाइली पडताळायचे आकडे) जुळवले, मगच एसएसडीवरचं पुसलं. दुसरं कार्ड त्यांना पहिल्यापासून पुन्हा कॉपी करायला सांगितलं. अर्धवट फाइलींवर माझा विश्वास नाही.

दुपारी प्रत्यक्ष गेलो. एफएसटॅबमध्ये नावाच्या जागी यूयूआयडी, म्हणजे नाव बदललं तरी तोच राहणारा ओळख-क्रमांक, घातला, इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं. नोफेल ठेवलंच, नाहीतर मॉनिटर नसलेला डबा इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन गप्प बसतो आणि दूरून लॉगिनही होत नाही. त्याऐवजी शेअर थांबवून अ‍ॅरे उतरवला आणि उघड्या पडलेल्या रिकाम्या फोल्डरलाच इम्यूटेबल केलं, म्हणजे तिथे रूटलासुद्धा लिहिता येणार नाही. तीनदा रीस्टार्ट केलं. आदल्या दिवशी एकदा केलं असतं तरी हा फोन आला नसता.

शेवटी मुद्दाम अ‍ॅरे पुन्हा उतरवला, शेअर सुरू केलं आणि बाईंना एक फाइल टाकायला सांगितली. स्क्रीनवर आलं, परवानगी नाही.

"हे बिघडलंय का सर?"

"नाही," मी म्हणालो, "आता कुठे नीट झालंय."