ग्लासफिशच्या शेपटीवरच्या गाठी

गेल्या पावसाळ्यात मुलीच्या वाढदिवसाला सहा रंगीत ग्लासफिश आणले. पाठीवर गुलाबी, पोटाशी हिरवा पट्टा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "जातच तशी आहे, साहेब." मी विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांत एकाच्या शेपटीवर पांढरा ठिपका दिसला. माशांना होणारा व्हाइट स्पॉट रोगच असणार, असं धरून मी हीटर वाढवला आणि पाण्यात मॅलाकाइट ग्रीन हे औषध घातलं. चौथ्या दिवशी एक मासा मेला. ठिपका मात्र गेला नाहीच, शेजारी आणखी दोन आले. तेव्हा कुठे मी टॉर्च लावून नीट बघितलं. व्हाइट स्पॉट मिठाचे कण भुरभुरल्यासारखा अंगभर विखुरलेला असतो. इथे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दाणे एकमेकांना चिकटून बसले होते.

ओळखीच्या एक मॅडम मत्स्यविज्ञान शिकवतात. त्यांनी शेपटीची कड जराशी कापून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला बघायला बोलावलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, जाड कडेच्या पेशी दिसत होत्या. "लिम्फोसिस्टिस," त्या म्हणाल्या. इरिडोव्हायरस कुळातला विषाणू. तो शिरला की त्वचेखालची पेशी फुगत जाते, इतकी की नुसत्या डोळ्यांना दिसावी. यावर औषध नाही. माशाची स्वतःची ताकदच गाठी जिरवते, त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी महिने.

मग त्यांनी विचारलं, "रंगीत आणलेत का हो?" हा मासा मुळात काचेसारखा पारदर्शक असतो, आपल्याच देशातल्या तळ्या-ओढ्यांतला. रंग सुईने टोचून भरतात, एकेका माशाला कितीतरी वेळा. त्या जखमा, तो ताण, यातून रोगाला वाट मिळते. ब्रिटनमधल्या एका पाहणीत रंगवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त माशांना हाच रोग आढळला होता, न रंगवलेल्यांत जेमतेम दहा टक्क्यांना. ऐकून मला खूप वाईट वाटलं. मुलीला काय सांगू, हेच सुचेना. शेवटी सगळं खरं सांगितलं. ती रडली.

फिल्टरमध्ये कार्बन घालून औषध काढून टाकलं. आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदलायचं, तेही क्लोरीन काढलेलं. रोज सकाळी अमोनियाची टेस्ट, खाणं थोडं थोडं, जाळी या टाकीपुरती वेगळी. बाकी नुसतं थांबायचं, आणि तेच सगळ्यात जड गेलं. पाचव्या आठवड्यात गाठी वाढल्यासारख्या वाटल्या तेव्हा औषधाची बाटली हातात घेऊन टाकीसमोर उभा राहिलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मॅडम नको म्हणाल्यात ना?" बाटली परत कपाटात ठेवली.

दहाव्या आठवड्यात तुरा गळून पडला. शेपटीला तिथे छोटी खाच राहिली आहे. तोवर गुलाबी पट्टाही पुसट होत गेला होता. परवा संध्याकाळी उन्हाची तिरीप टाकीवर आली तेव्हा मुलगी काचेला नाक लावून त्या माशाच्या पाठीच्या कण्याचे मणके मोजत होती.